बानाबाईचा भोपळा आणि मी

मित्रांनो, मी एक जुना दान बाऊ आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, स्वस्थ बसणं मला जमत नाही. माझ्या अंगावर एकच तार आहे, पण ती फार नाठाळ आहे. खालून रिक्षा गेली की थरथरते. कुकरची शिट्टी झाली की थरथरते. समोरच्या गच्चीवर कुणी गादी झटकली तरी हिला निमित्त पुरतं. संभाजीनगरच्या गारखेड्यातल्या या वरच्या खोलीत, दाराजवळच्या खुंटीला मी टांगलेला असतो आणि दिवसभर माझं असं गुणगुणणं चालू असतं.

मी मूळचा व्हिएतनामचा. तिकडे दान म्हणजे वाद्य आणि बाऊ म्हणजे भोपळा. रत्नमालाकाकूंनी, म्हणजे आमच्या घरमालकिणीनं, हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्या पदर तोंडाला लावून हसल्या होत्या. "आमच्यात लेकराला खरचटलं की बाऊ झाला म्हणतात," त्या म्हणाल्या. माझी मराठी याच घरात शिकलेली आहे, तेव्हा बोलता बोलता एखादं 'लई' तोंडातून गेलं तर चालवून घ्या.

मी दिसतो कसा तेही सांगतो. हलक्या लाकडाच्या पट्ट्या सरसानं चिकटवून माझं लांबट अंग केलेलं आहे. एका टोकाला बांबूची लवचीक काडी उभी आहे. ती एका छोट्या भोपळ्यातून वर जाते आणि तार तिलाच बांधलेली आहे. उजव्या हातानं तार छेडायची, डाव्या हातानं काडी वाकवायची. काडी वाकली की सूर घसरतो, चढतो, रुसतो, लाडात येतो. तार दाबायची नाही बरं का, तळहाताच्या कडेनं नुसती शिवायची. दाबली की मी गप्प होतो. दांडगाई मला खपत नाही.

मला थाओच्या वडिलांनी घडवलं. भातशेतीच्या मुलखातलं त्यांचं गाव, आणि भोपळा त्यांच्याच कुंपणावरच्या वेलाचा. दिवसभर शेतात राबून आले की ते अंगणात चटई टाकायचे, पाठ ताठ करून बसायचे आणि मला वाजवायचे. वाजवताना हलायचं नाही, हा त्यांचा नियम. थाओ, त्यांची लेक, शाळेत असल्यापासून त्यांच्यामागं मोबाईल घेऊन फिरायची. गावात गाणाऱ्या बायका होत्या, ढोल वाजवणारे होते, कमरेइतक्या पाण्यात उभं राहून लाकडी बाहुल्या नाचवणारे होते. भात लावणारी, मासे विकणारीच माणसं ती. थाओ त्यांना गोळा करायची, वडिलांना मध्ये बसवायची आणि छोटीशी फिल्म करायची. शरदातल्या पौर्णिमेला तिकडे लेकरं कंदील घेऊन हिंडतात. त्या दिवशी गावच्या अंगणात पांढरी चादर बांधायची आणि तिच्यावर ती फिल्म बघायची, असा रिवाजच पडून गेला. चादरीवर स्वतःला बघून मासे विकणारी म्हातारी लाजायची आणि लोक टाळ्या पिटायचे. माझं कौतुक तर किती सांगू. ते दिवस आठवले की तार आपोआप हलते.

मग एका सकाळी वडिलांचा उजवा हात लुळा पडला. डावा चालत होता, पण एका हातानं मला कोण वाजवणार? मी भिंतीला टेकून बसलो. माझ्यावर धूळ बसली, कोळ्यानं भोपळ्याला जाळं घातलं. अस्वस्थ जिवाला असं भिंतीला लावणं म्हणजे काय, ते मलाच माहीत.

त्याच वर्षी थाओ पाली भाषा शिकायला संभाजीनगरला निघाली. वडिलांनी मला तिच्या हातात दिलं आणि म्हणाले, "पुढच्या पौर्णिमेलाही चादर बांधणार आहे. तिच्यावर हा वाजताना दिसला पाहिजे. तू एकटीनं वाजवलेला नको. तिथल्या माणसांच्या गाण्याबरोबर वाजलेला पाहिजे. नाही दिसला तर मी समजेन, माझ्या हाताबरोबर हाही गेला."

थाओनं मान हलवली. पण इथं आल्यावर माझ्याबरोबर गाणार कोण? रत्नमालाकाकूंचा मुलगा विश्वजीत लग्नाचं शूटिंग करतो. खाली त्याचं दुकान आहे आणि मागच्या खोलीला चारी बाजूंनी जुन्या गाद्या लावून त्यानं आवाज भरायची सोय केली आहे. त्यानं छावणीतून एक कीबोर्डवाला आणला. तो माणूस गुणी, पण त्याच्या एका बोटातून जेवढा आवाज निघायचा तेवढा माझ्या अख्ख्या जन्मात निघालेला नाही. मी वाजतोय की नाही, हे मलाच कळेना. थाओ रोज माझ्याकडे बघायची आणि कॅलेंडरकडे बघायची. मी आतल्या आत धुमसत होतो.

उन्हाळ्यात काकूंच्या शेतावर मेंढरं बसवली. मुकुंदवाडीच्या पुढं, नव्या इमारतींच्या मागं त्यांचं थोडं रान अजून शिल्लक आहे. रान मोकळं झालं की धनगरांना बोलवायचं. त्यांची मेंढरं मुक्कामाला शेतात बसतात, लेंड्यांचं खत होतं, आणि शेतकरी त्यांना धान्य देतो. एका शेतातलं काम झालं की कळप पुढच्या शेतात जातो, तिथून आणखी पुढं. कळपाला कुणी थांबवू शकत नाही. मला ही माणसं ऐकूनच आवडली होती.

थाओ काकूंबरोबर जेवणाचा डबा घेऊन गेली आणि मलाही पाठीला लावून नेलं. तिथं सूर्यभान होते, पागोटेवाले, चालताना हातातली टकळी फिरवत लोकर कातणारे. आणि त्यांची बायको बानाबाई. ती मेंढरांमागून येत होती आणि गात होती,

चाल चाल मेंढरा, वाट हाय लांब लई
मागं ऱ्हायलं कोकरू, त्याला सांगा येती आई

शब्द मला तेव्हा कळले नाहीत. पण 'लई'वर तिचा सूर जसा घसरला आणि सावरला, तसं घसरणं मला फक्त माझ्या काडीचं माहीत होतं. पिशवीतल्या पिशवीत माझी तार वाजली. थाओनं पिशवीवर हात ठेवला. तिलाही कळलं होतं.

"काकू, हिच्याबरोबर फिल्म," ती म्हणाली. तिची मराठी अजून कच्ची होती, पण एवढं पुरलं. बानाबाई आधी नाय नाय म्हणाली, मग थाओच्या वडिलांच्या हाताचं ऐकून तयार झाली. "बापासाठी व्हय? मग म्हणते की. बापाला नाय म्हणू नये," ती म्हणाली.

विश्वजीतनं तिला गाडीवर बसवून गाद्यांच्या खोलीत आणलं, मागून सूर्यभानही आले. खुर्ची दिली, पंखा बंद केला, माईक पुढं ठेवला. थाओ नियमाप्रमाणं ताठ बसली. आणि बानाबाईच्या तोंडून शब्द फुटेना. ती पाणी प्यायली, तिनं घसा खाकरला, पदर सारखा केला. दोन शब्द म्हटले आणि तिसरा विसरली. जन्मभर म्हटलेलं गाणं विसरली, म्हणून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मामा, काय झालं हो यांना?" विश्वजीतनं सूर्यभानांना विचारलं.

"ती बसून कधी गायलीच नाय," सूर्यभान टकळी फिरवत म्हणाले. "पाय हलला की तिला पुढचं सुचतंय. बसवलं की संपलं. आणि खरं सांगू का, मला बी हितं गुदमरायला लागलंय."

खरं सांगतो मित्रांनो, मला त्या बाईचा हेवा वाटला. मला जन्मभर बसवूनच वाजवलं होतं.

ठरलं असं की थाओ आधी अजिंठ्याला जाऊन फिल्मसाठी लेण्यांचं शूटिंग उरकेल आणि परत आली की सगळे शेतावर जमतील. बानाबाई चालत गाईल आणि बाकीचं विश्वजीत बघेल. माझ्या अंगात मात्र वेगळाच त्रास सुरू झाला होता. मी दमट हवेतला. इथला उन्हाळा माझी लाकडं वाळवून काढत होता. दुपारी माझ्या पट्ट्या कटकट वाजायच्या. थाओ निघताना काकूंना खुणेनं म्हणाली, "काकू, याला ऊन नको. फार कोरडा."

आता काकू म्हणजे प्रेमळ बाई. कोरडा म्हणाली ना पोरगी? मग त्यांनी घरात माठाला करतात तेच केलं. गोणपाट बादलीत बुडवलं, पिळलं आणि मला डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळलं. माठाशेजारी, मोरीजवळच्या गार कोपऱ्यात निजवलं. गोणपाट वाळलं की पुन्हा भिजवायच्या. "गार वाटतंय का रे आता?" असं विचारायच्यासुद्धा. त्यांचा हात इतका मायेचा होता की मला ओरडताही येईना. सरस मऊ झाला. पट्ट्या एकमेकींचा हात सोडायला लागल्या. भोपळा ओल्या पापडासारखा लिबलिबला.

ते बघून काकूंचं धाबं दणाणलं. मग त्यांनी दुसरी घाई केली. मला गच्चीवर पापडांच्या शेजारी उन्हात ठेवलं. भिजलेला भोपळा उन्हानं आखडला आणि मधोमध तडकला. खालची पट्टी सुटून लोंबायला लागली. मुंग्या येऊन बघून गेल्या.

थाओ चार दिवसांनी संध्याकाळी परत आली. तिनं मला उचललं आणि तार छेडली. माझ्यातून डब्यावर नख घासल्यासारखा आवाज आला. तिनं लोंबणारी पट्टी जागेवर दाबून बघितली. खाली बसली आणि मला मांडीवर घेऊन नुसती बसून राहिली. काकू दारात उभ्या होत्या. "माठाला करतो तसं केलं गं," त्या म्हणाल्या. "माझ्या हाताला आग लागो. तुझ्या बापाची चीज होती."

तेवढ्यात विश्वजीत धापा टाकत आला. "कळप उद्या सकाळी उठतोय. पुढच्या गावच्या शेतकऱ्याचं बोलावणं आलंय त्यांना."

मग जी धावपळ झाली ती काय सांगू. विश्वजीत वाद्यांच्या दुकानांत जाऊन आला. तिथं भोपळे होते, पण सतारीचे. माझ्यापेक्षा मोठे. भाजीबाजारात दुधी होते, पण ओले. ओला भोपळा वाळायला महिने लागतात. थाओनं सुटलेली पट्टी नव्या सरसानं चिकटवली, पण भोपळ्याचं करायचं काय? काकूंनी रात्रभर कूस बदलली असावी, कारण पहाटे त्याच पहिल्या उठल्या. मला स्वतःच्या नव्या लुगड्यात घेतलं, या वेळी कोरड्या, आणि रिक्षात बसल्या. मागून विश्वजीत आणि थाओ गाडीवर.

शेतात पोचलो तेव्हा मेंढरांभोवती लावायच्या जाळ्या गुंडाळून झाल्या होत्या. घोड्यावर बोचकी, भांडी, वर एक कोंबडी बांधलेली होती. काकूंनी मला बानाबाईपुढं धरलं आणि झालं ते सगळं सांगितलं. काही लपवलं नाही.

बानाबाईनं माझ्या तडकलेल्या भोपळ्यावर हात फिरवला. मग ती घोड्याकडे गेली, बोचक्यात हात घातला आणि एक छोटा भोपळा बाहेर काढला. हाताळून हाताळून काळपट, गुळगुळीत झालेला. त्यात देवाचा भंडारा होता.

"तुझ्या सासूचा हाय तो," सूर्यभान म्हणाले. त्यांची टकळी थांबली होती. ती थांबलेली मी तेवढीच एकदा पाहिली.

"ठाव हाय मला. सासू बी गाणारीच व्हती," बानाबाई म्हणाली. "गाण्यालाच चाललाय ना? कुठं वाया चाललाय?"

पण भंडारा मातीत ओतायचा नसतो. कुणाच्या तरी कपाळी लावायचा असतो. म्हणून भोपळा रिकामा करायला त्या बाईनं सगळ्या कळपाला भंडारा लावला. एकेक मेंढी धरायची, कपाळावर बोटं ओढायची, सोडायची. मग घोडा, कुत्रं, कोंबडी. मग काकू, त्यांचे डोळे आधीच भरलेले. मग विश्वजीत आणि त्याचा माईक. थाओच्या कपाळाला लावताना ती म्हणाली, "पोरी, बाप बरा होऊ दे." शेवटी माझ्या लाकडावर एक ओढ. उरलेला भंडारा तिनं पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवला. भोपळ्याच्या आत थोडा तरी चिकटून राहिलाच.

थाओनं काडी त्या भोपळ्यातून ओवली. सूर्यभानांनी टकळीवरची लोकर काढून माझ्या जोडावर गच्च गुंडाळली, सरस ओला आहे तोवर आधार म्हणून. तार चढली. मेंढरं तोवर रस्त्याला लागली होती, आणि बानाबाई त्यांच्यामागं. ती थांबणार नव्हती, थांबली तर गाणं जाणार होतं. थाओनं मला खाली ठेवून बसायची जागा शोधली आणि मग बसायचं सोडून दिलं. काकूंच्या लुगड्याचा पट्टा केला, लग्नात पेटीवाला पेटी अडकवतो तसं मला गळ्यात अडकवलं आणि चालायला लागली. वडिलांचा नियम तिनं मोडला.

विश्वजीतनं माईक सूर्यभानांच्या काठीला बांधला आणि बाजूनं चालला. बानाबाईनं गाणं धरलं. मी वाजलो.

माझा आवाज माझ्याच ओळखीचा नव्हता. पहिला पाण्यासारखा होता. हा जाड, खरबरीत, थोडा धुळीचा. पण 'लई'वर बानाबाई घसरली तेव्हा मीही घसरलो, आणि आम्ही दोघं एकाच ठिकाणी सावरलो. प्रत्येक छेडीला भोपळ्यातून पिवळी चिमूट उडायची. मागून ट्रक आला, हॉर्न वाजवून गेला. एक कोकरू नेमकं माझ्या सुरात ओरडलं. बानाबाईनं गाता गाताच त्याला उचलून काखेत मारलं. माळाच्या वळणापर्यंत आम्ही असे गेलो. तिथं थाओ थांबली. बानाबाई थांबली नाही. मागं न बघता हात वर करून ओरडली, "चैत्रात येतो. भंडारा भरून देते."

मी जन्मात पहिल्यांदा चाललो होतो. त्या दिवशी संध्याकाळी खुंटीवर टांगल्यावर मला इतकी चुळबूळ झाली की थाओनं उठून खिडकी लावली.

फिल्म छोटीच झाली. अजिंठ्यातलं बरंचसं तिनं काढून टाकलं. शरदातली पौर्णिमा आली. दिवेलागणीला काकूंच्या स्वयंपाकघरात सगळे जमले आणि ओट्यावर, डब्याला टेकवून, मोबाईल उभा केला. पलीकडे ते अंगण, ती चादर, कंदील घेतलेली लेकरं. मी थाओच्या मांडीवर होतो आणि माझी तार काही केल्या गप्प राहीना.

चादरीवर मेंढरं आली. तिकडे मेंढरं कुणी बघतं कुठं? लेकरं हसायला लागली. मग बानाबाईचा आवाज आला, माझा आवाज आला आणि अंगण शांत झालं. मासे विकणारी म्हातारी अगदी पुढं येऊन उभी राहिली. फिल्म संपल्यावर कुणीतरी मोबाईल वडिलांच्या तोंडासमोर धरला. ते आणखी वाळले होते.

"आवाज बदललाय," ते म्हणाले. थाओनं ते मराठीत सांगितलं आणि काकूंनी मान खाली घातली.

"भोपळा दुसरा आहे," थाओ म्हणाली.

"दिसला मला. चालत पण वाजवलास."

थाओनं मला मांडीवर सरळ केलं.  वडील म्हणाले, "छेड."

तिनं तार छेडली. वडिलांनी डावा हात उचलला आणि हवेतच, जिथं माझी काडी असायला हवी तिथं, बोटं वाकवली. थाओनं ते बघितलं आणि तिकडे बोटं वाकली तशी इकडे काडी वाकवली. सूर घसरला. नेट अडखळत होतं, त्यामुळं सूर जरा उशिरा पोचायचा, आणि वडील तो पोचेपर्यंत हात तसाच धरून ठेवायचे. असं एक अख्खं गाणं झालं. हात त्यांचा, बोटं तिची, भोपळा बानाबाईच्या सासूचा. मला ते सहन होईना आणि संपूही नये असं वाटत होतं.

छेडता छेडता थाओच्या मांडीवर पिवळं सांडलं. काकूंनी सवयीनं पदर पुढं केला.

"ते काय सांडतंय?" वडिलांनी विचारलं.

थाओनं सांगितलं. सासूचं, कळपाचं, कोंबडीच्या कपाळाचंसुद्धा. वडील ऐकत राहिले आणि म्हणाले, "त्यांना म्हणावं, पुसू नका."

काकूंनी पदर मागं घेतला.

तर मित्रांनो, माझं मागणं एवढंच आहे. तुमच्या घरातही कुठंतरी एखादं वाद्य पडलेलं असेल, पेटी, ढोलकी, आजोबांची बासरी. त्याला जपायचं म्हणून गुंडाळून कोपऱ्यात ठेवू नका. जपणाऱ्याचा हात मायेचा असतो, पण आतल्याचा जीव जातो, हे मी भोगलंय. त्याला बाहेर काढा. चुकतमाकत वाजवा. जमलं तर चार माणसांबरोबर वाजवा, आणि त्यांचं काही तुम्हाला लागलं तर लागू द्या. माझ्या भोपळ्यातला भंडारा आता संपत आलाय. चैत्र लागला की मला खुंटीवरून काढायचं आणि मुकुंदवाडीच्या रानात न्यायचं, हे कुणीतरी थाओला आठवणीनं सांगा.